‘मस्ट नॉट’ आणि ‘डोन्ट हॅव टू’: मालवणच्या पावसाळी इंग्रजी वर्गाच्या प्रकल्प नोंदी

५ जून २०२५

मालवण परिसरातील होडीवाले, स्कूबा डायव्हिंगच्या बोटींवरचे मदतनीस आणि न्याहरी-निवास चालवणाऱ्या बायका यांच्यासाठी प्राथमिक इंग्रजीचा एक छोटा पाठसंच तयार करण्याचे काम आजपासून हाती घेतले आहे. मेअखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत प्रवासी होड्या बंद असतात, त्यामुळे हंगामात ज्यांना दुपारी जेवायलाही उसंत नसते अशी माणसे या दिवसांत संध्याकाळी निवांत बसू शकतात. यंदा मोसमी पाऊस २५ मेलाच देवगडपर्यंत पोचल्यामुळे होड्या किनाऱ्यावर ओढून झापांनी शाकारण्याची घाई झाली खरी, पण वर्गाच्या दृष्टीने ते पथ्यावरच पडले.

संचाची व्याप्ती मी मुद्दामच अरुंद ठेवली आहे. काय जमते, काय करता येईल, काय केलेच पाहिजे, काय करता कामा नये आणि काय नाही केले तरी चालेल, एवढ्या पाच गोष्टी पाहुण्याला इंग्रजीत सांगता याव्यात. वर्गात येणाऱ्यांपैकी चाळिशीच्या पुढच्या सर्वांनी शाळेत इंग्रजी पाचवीपासून शिकलेले आहे, तर राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी सुरू झाल्यामुळे विशीतली मुले ते पहिल्या इयत्तेपासून शिकली आहेत. तरीही जेट्टीवर पाहुण्यासमोर उभे राहिल्यावर दोन्ही पिढ्यांची अवस्था सारखीच होते, कारण कवितेखालच्या प्रश्नांची उत्तरे लिहिण्याचा सराव ‘होडी हलत असताना उभे राहू नका’ हे सांगायला उपयोगी पडत नाही.

१० जून

पाठ लिहायला घेण्यापूर्वी ही मंडळी पाहुण्यांशी प्रत्यक्ष काय बोलतात, याची वाक्ये मी त्यांच्याच तोंडून मराठीत आणि मालवणीत उतरवून घेतली. त्यांतली बरीचशी क्षमता आणि बंधन याच दोन खात्यांत पडतात, हे अपेक्षित होते. क्षमतेसाठी आपण किती निरनिराळ्या रचना वापरतो, हे मात्र एका वहीत शेजारी शेजारी लिहिल्यावरच नीट दिसले. ‘मला होडी चालवता येते’ हे शिकून आलेले कौशल्य आहे. ‘आज वारा आहे, आज होडी सोडू शकत नाही’ ही परिस्थितीची अडचण आहे. ‘खांदा दुखतोय, मला आज वल्हवत नाही’ ही शरीराची असमर्थता असून आपल्या शालेय व्याकरणात तिला शक्य क्रियापद असे नाव आहे. शिवाय ‘जमणा नाय’ हे मालवणी उत्तर आहेच, ज्यात कौशल्य, परिस्थिती आणि इच्छा यांपैकी नक्की काय आड येते आहे ते ऐकणाऱ्याने स्वरावरून ओळखायचे असते.

इंग्रजीत या सगळ्यांचे काम ‘कॅन’ आणि ‘कान्ट’ हे दोनच शब्द करतात. येथे शिकणाऱ्याचे ओझे वाढत नसून हलके होते, म्हणून क्षमतेच्या भागावर फार वेळ खर्च करायचा नाही, असे ठरवले आहे. कर्त्याचे रूप मात्र पहिल्याच दिवशी पक्के करावे लागेल. ‘मला पोहता येते’ या वाक्यात पोहणारा ‘मला’ या रूपात येतो आणि नवशिका त्याच वाटेने ‘मी स्विमिंग कम’ (इंग्रजीतला ‘मी’, म्हणजे ‘मला’) असे काहीतरी जुळवतो. इंग्रजीत पोहणारा थेट ‘आय’ होऊन वाक्याच्या तोंडाशी उभा राहतो आणि ‘येणे’ या क्रियापदाला तेथे जागाच उरत नाही.

१६ जून

‘कॅन’चा पहिला पाठ झाला. नियम थोडे आहेत आणि ते अपवादाशिवाय चालतात, म्हणून ते मी वाक्यांतूनच घोटवून घेतले: कर्ता कोणीही असो, ‘कॅन’ बदलत नाही, त्याच्यापुढे क्रियापद मूळ रूपात येते आणि मध्ये ‘टू’ लागत नाही, प्रश्न करताना ‘डू’ न आणता ‘कॅन’लाच पुढे सारायचे. ‘कॅन यू स्विम?’ हा प्रश्न सर्वांना पाठच होता, कारण तो हंगामात रोज विचारावा लागतो. अडचण उत्तर समजून घेण्याची आहे. पाहुणा ‘अ लिटल’, ‘नॉट रिअली’ किंवा ‘इन अ पूल’ असे म्हणतो आणि त्या तिन्ही उत्तरांचा होडीवाल्याच्या दृष्टीने अर्थ एकच, की याला समुद्रात पोहता येत नाही. ही तीन उत्तरे पाठात घातली आहेत. व्याकरणाशी त्यांचा संबंध नसला तरी ती वगळणे परवडणारे नाही.

विशीतल्या मुलांकडून ‘ही कॅन्स स्विम’ असे आले, कारण शाळेत तृतीयपुरुषी एकवचनाला ‘स’ लावण्याचा नियम त्यांच्यावर चांगलाच ठसलेला आहे. वयस्कांकडून आलेले ‘आय कॅन एबल टू’ हे त्याहून चिवट प्रकरण असून ते मालवणपुरते नाही. देशभर सुशिक्षितांच्या बोलण्यातही ते ऐकू येते. ‘कॅन’ आणि ‘बी एबल टू’ या एकाच कामाच्या दोन रचना एकमेकींत अडकल्यामुळे हे वाक्य तयार होते. त्यावर उपाय म्हणून वर्तमानकाळासाठी फक्त ‘कॅन’ शिकवायचे आणि ‘एबल’ हा शब्द तूर्त उच्चारायचाही नाही. ‘उद्या होडी सोडता येईल का?’ असे कोणी विचारले, तर ‘विल कॅन’ अशी रचना इंग्रजीत नसल्यामुळे ‘विल बी एबल टू’ हवे, हे खरे. पण बोलताना ‘कॅन वी गो टुमॉरो?’ एवढ्यानेही उद्याचे काम भागते आणि आम्ही तेवढ्यावरच थांबणार आहोत.

२४ जून

आज ‘कॅन’चे विनंतीचे आणि परवानगीचे अंग घेतले. पाहुणी झालेल्या मुलीने ‘कॅन आय हॅव सम वॉटर?’ असे विचारले, तेव्हा यजमान झालेल्या काकींनी ‘यस, यू कॅन’ असे ठणठणीत उत्तर दिले आणि त्या खुर्चीवरच बसून राहिल्या. वर्गात हशा झाला, पण आपणही खानावळीत ‘पाणी मिळेल का?’ असेच विचारतो आणि त्यावर ‘मिळेल’ असे म्हणून कोणी गप्प बसत नाही, हे सांगितल्यावर मुद्दा लगेच पोचला. ‘मे आय’ हे रूप ऐकून समजावे एवढीच अपेक्षा ठेवली आहे.

२ जुलै

बंधनाच्या भागाला आज सुरुवात झाली आणि येथून पुढे वेग कमी करावा लागणार, हे पहिल्या तासातच स्पष्ट झाले. बाजारात मिळणाऱ्या ‘झटपट इंग्रजी’ छापाच्या पुस्तकांत ‘मस्ट म्हणजे पाहिजे’ आणि ‘हॅव टू म्हणजे लागते’ असा तक्ता असतो. तक्ता अगदीच चुकीचा नाही. बोलणाऱ्याने स्वतःच्या अधिकारात घातलेले बंधन बहुधा ‘मस्ट’ने आणि बाहेरच्या नियमाने किंवा परिस्थितीने आलेले बंधन बहुधा ‘हॅव टू’ने सांगतात, आपल्याकडे ‘पैसे आधी भरायला पाहिजेत’ आणि ‘पैसे आधी भरावे लागतात’ यांत जो फरक जाणवतो, तो थोडाफार तसाच आहे. मात्र तक्ता ‘पाहिजे’ या शब्दाच्या दुसऱ्या कामाविषयी काहीच बोलत नाही. ‘मला पाणी पाहिजे’ ही इच्छा झाली आणि ‘मला जायला पाहिजे’ हे बंधन झाले. मालवणीत ‘माका चाय व्हया’ आणि ‘माका जावक व्हया’ यांचेही तेच. त्यात ‘मला जायचं आहे’ हे वाक्य तर इच्छा आणि बंधन या दोहोंच्या मधोमध बसलेले असते.

याचा परिणाम आज लगेच दिसला. ओहोटी लागल्यावर होडी टेकण्याच्या भीतीने किल्ल्यावरून लवकर निघावे लागते, हे पाहुण्यांना सांगण्यासाठी एका तांडेलाने, म्हणजे होडीच्या प्रमुखाने, ‘आय वॉन्ट टू गो नाऊ’ असे म्हटले. ऐकणाऱ्याला वाटेल की या माणसाला कंटाळा आला आहे. ‘वी हॅव टू गो नाऊ, द टाइड इज गोइंग आऊट’ असे म्हटल्यावर तोच माणूस जबाबदार खलाशी वाटतो. सिंधुदुर्ग किल्ला कुरटे बेटावर आहे आणि १६६४ साली त्याचे बांधकाम सुरू झाले, ही माहिती सांगताना यांचे इंग्रजी अडत नाही, कारण ती पाठ केलेली आहे. निघण्याची वेळ झाली हे सांगताना अडते, कारण ते दर वेळी नव्याने जुळवावे लागते.

न्याहरी-निवासाच्या बायकांना मी ‘मस्ट’पेक्षा ‘हॅव टू’ वापरण्याचा आग्रह करते आहे. ‘यू मस्ट शो युवर पासपोर्ट’ हे वाक्य व्याकरणात बसत असले तरी घरमालकिणीच्या तोंडी हुकमासारखे लागते. परदेशी पाहुणा उतरला की २४ तासांच्या आत त्याची माहिती ‘फॉर्म सी’ भरून कळवावी लागते, हा तिचा लहरी आग्रह नसून सरकारी नियम आहे, आणि तो तसाच कळण्यासाठी ‘वी हॅव टू फिल फॉर्म सी, कॅन आय सी युवर पासपोर्ट?’ ही जोडी अधिक शोभते. मराठीत बोलताना या बायका ‘दाखवायला पाहिजे’ असे न म्हणता ‘दाखवावा लागतो हां’ असेच म्हणतात, म्हणजे ही जाण त्यांच्यापाशी आधीपासूनच आहे आणि ती इंग्रजीत कोठे ठेवायची एवढेच दाखवायचे आहे.

९ जुलै

‘काल आम्हाला परत फिरावं लागलं’ या वाक्यासाठी वर्गातून ‘वी मस्टेड’ असा शब्द आला. ‘मस्ट’ हे जुन्या इंग्रजीतल्या एका क्रियापदाचे भूतकाळी रूप असून वर्तमानकाळ सांगता सांगता त्याचा मूळ काळ हरवला, त्यामुळे आता त्याला स्वतःचे भूतकाळी रूप उरलेले नाही. ही हकीकत मी सांगितली नाही. ‘कालसाठी हॅड टू, उद्यासाठी विल हॅव टू’ एवढेच फळ्यावर लिहिले. उच्चाराला मात्र अधिक वेळ दिला, कारण पाहुण्यांच्या बोलण्यात ‘हॅव टू’ हे ‘हॅफ्टू’ असे आणि ‘हॅज टू’ हे ‘हॅस्टू’ असे ऐकू येते, आणि जे कानाला वेगळे लागते ते छापील पानावर ओळखीचे असूनही उपयोगाचे नसते.

१६ जुलै

संपूर्ण संचाचा गाभा ज्या पाठात आहे तो आज घेतला आणि त्याविषयी येथे सविस्तर लिहून ठेवणे आवश्यक आहे.

होकारार्थी वाक्यांत ‘मस्ट’ आणि ‘हॅव टू’ यांची अदलाबदल झाली तर फार बिघडत नाही. सूर थोडा बदलतो, अर्थ पोचतो. नकार आला की हे दोघे एकदम विरुद्ध दिशांना जातात. ‘यू मस्ट नॉट’मध्ये न करण्याचे बंधन असते, तर ‘यू डोन्ट हॅव टू’मध्ये बंधनच नसते. पहिल्यात मनाई आहे आणि दुसऱ्यात मोकळीक. बहुतेक पाठ्यपुस्तकांत हा फरक होकारार्थी वाक्ये संपल्यावर शेवटी एका चौकटीत येतो आणि परीक्षेत त्यावर रिकाम्या जागेचा एखादा प्रश्न पडतो. होडीवर मात्र याच फरकाला सर्वांत जास्त किंमत आहे.

मराठीतही दोन्ही अर्थ स्वतंत्रपणे सांगता येतात. ‘काढू नका’ किंवा ‘काढता कामा नये’ ही मनाई आणि ‘काढायची गरज नाही’ ही मोकळीक, असे आपण लिहिताना नीट वेगळे करतो. परंतु बोलताना या दोन्हींच्या जागी आपण सर्रास ‘नको’ वापरतो आणि तो नक्की कोणत्या अर्थाने आला, हे प्रसंगावर सोडून देतो. आज वर्गात याचे उदाहरण आपोआपच मिळाले. होडीवर पाहुण्यांना काय सांगता, असे विचारल्यावर एका तात्यांनी ‘मधेच जाकीट काढायला नको’ असे सांगितले. घरी पाहुणा आल्यावर काय सांगता, असे विचारल्यावर एका काकींनी ‘चपला काढायला नको, येवा आत’ असे सांगितले. क्रियापद एक, रचना एक, आणि अर्थ मात्र एकमेकांच्या विरुद्ध. दोघांनाही इंग्रजीत सांगायला लावल्यावर दोघांकडूनही ‘नो नीड रिमूव्ह’ हेच आले. काकींच्या ओसरीवर त्याने काहीच बिघडणार नाही. तात्यांच्या होडीवर मात्र पाहुणा हे ऐकून, ‘गरज नाही’ म्हणजे आपल्या मर्जीवर आहे असे समजून, जाकिटाचे पट्टे सोडील आणि त्यात त्याचा काही दोष नसेल.

हा फरक समजावण्यासाठी व्याकरणाची संज्ञा वापरायची नाही, असे मी आधीच ठरवले होते. त्याऐवजी मंडळींच्या बोलण्यात दिवसभर येणारा ‘चालेल’ हाच शब्द कसोटीसाठी घेतला. इंग्रजी वाक्य तोंडातून काढण्यापूर्वी मनात मराठीत विचारायचे: पाहुण्याने जाकीट काढले तर चालेल का? उत्तर ‘चालणार नाही’ असे आले, तर ‘यू मस्ट नॉट टेक इट ऑफ’. पाहुण्याने चपला काढल्या तर चालेल का? उत्तर ‘चालेल, नाही काढल्या तरी चालेल’ असे आले, तर ‘यू डोन्ट हॅव टू टेक देम ऑफ’. आणि पाहुण्याने जाकीट घातलेच नाही तर चालेल का? ‘चालणार नाही’, मग ‘यू हॅव टू वेअर इट’ किंवा ‘यू मस्ट वेअर इट’. ‘नको’ जो फरक झाकून टाकतो तो ‘चालेल’ उघड करतो, म्हणजे उत्तर आपल्याच भाषेत होते, फक्त शेजारच्या शब्दात.

कसोटी मिळाल्यावर वर्गानेच उदाहरणांचा सपाटा लावला. प्रवाळाला हात लावला तर चालेल का? चालणार नाही, मालवणच्या समुद्रातला काही भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झालेला आहे आणि प्रवाळाला वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे, म्हणून ‘यू मस्ट नॉट टच द कोरल’. खोलीचे सगळे पैसे आजच दिले नाहीत तर चालेल का? चालेल; ‘यू डोन्ट हॅव टू पे नाऊ’. शेवटच्या वाक्यावर, पाहुण्याला एवढी मोकळीक द्यावी की नाही यावर दोन काकींमध्ये वाद झाला आणि तो व्याकरणाच्या कक्षेबाहेरचा असल्यामुळे मी त्यात पडले नाही.

जुन्या पुस्तकांतले ‘नीड नॉट’ हे रूप काही वयस्कांना येते. ते बरोबर आहे आणि ज्यांच्या तोंडी बसले आहे त्यांनी तेच वापरावे, कारण मोकळीक सांगण्याचे काम तेही नेमके करते. नव्यांना मात्र ‘डोन्ट हॅव टू’च शिकवायचे.

२१ जुलै

आजचा प्रयोग ऐकण्याचा होता. खोलीच्या एका कोपऱ्यात मोबाइलवर इंजिनाचा आवाज लावला, बाहेर पाऊस होताच, आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाकडून ‘यू कॅन स्टँड नाऊ’ व ‘यू कॅन्ट स्टँड नाऊ’ ही वाक्ये उलटसुलट क्रमाने म्हणायला लावली. ऐकणाऱ्यांना कोणते वाक्य कोणते, हे बऱ्याच वेळा सांगता आले नाही.

कारण उघड आहे. शेवटचा ‘ट’ पुढच्या व्यंजनात मिसळून जातो आणि ऐकणाऱ्यासाठी ‘कॅन’ व ‘कॅन्ट’ यांच्यात फारसे अंतर उरत नाही. ब्रिटिश धाटणीचा ‘कान्ट’ हा उच्चार लांब आकारामुळे अधिक वेगळा पडतो. अमेरिकी धाटणीत तो आधारही मिळत नाही. मूळ इंग्रजी बोलणारे हा फरक मुख्यत्वे आघातावर पेलतात: होकारार्थी ‘कॅन’ ते गिळून ‘क्‌न’ असा म्हणतात आणि पुढच्या क्रियापदावर जोर देतात, तर नकारार्थी शब्दावर पूर्ण जोर ठेवतात. आपण मराठी माणसे प्रत्येक शब्द जवळपास सारख्याच वजनाने उच्चारतो, त्यामुळे आपल्या तोंडून निघालेला स्पष्ट ‘कॅन’ समोरच्याला नकारासारखा वाटण्याचीही शक्यता असते.

आघाताचा सराव सुरू ठेवायला हरकत नाही, पण सुरक्षेची सूचना त्यावर टांगून ठेवणे मला मान्य नाही. म्हणून निर्णय असा, की होडीवरच्या कोणत्याही सूचनेत ‘कान्ट’ हा शब्द येणार नाही. मनाई सांगायची तर ‘मस्ट नॉट’ ही दोन्ही पदे सुटी आणि पूर्ण उच्चारायची. ‘मस्न्ट’ असा जोड उच्चार करायचा नाही. इंजिन फारच आवाज करत असेल तर ‘नो स्टँडिंग’ किंवा नुसते ‘सिट डाऊन, प्लीज’. ‘कान्ट’ हा शब्द ओसरीवर आणि स्वयंपाकघरात, जेथे गैरसमज झाला तर पुन्हा विचारता येते, तेथे खुशाल वापरावा.

३० जुलै

डायव्हिंगच्या बोटींवर काम करणाऱ्या मुलांसोबत त्यांची डाइव्हपूर्व माहितीची वाक्ये बसवली. या मुलांचे इंग्रजी इतरांपेक्षा बरे आहे आणि त्यांची गरजही अधिक नेमकी आहे, कारण पाण्याखाली गेल्यावर बोलणे थांबते आणि केवळ हातांच्या खुणा उरतात. वर केलेला अंगठा म्हणजे ‘छान’ नसून ‘वर चला’ आहे, हे बोटीवर असतानाच शब्दांत सांगावे लागते: ‘इफ यू आर ओके, यू मस्ट नॉट शो दिस.’

त्यांच्या माहितीत मोकळीक, बंधन आणि मनाई ही तिन्ही एकापाठोपाठ येतात, म्हणून हा पाठ संचातील सर्वांत भरीव झाला आहे. ‘यू डोन्ट हॅव टू नो स्विमिंग’ हे पहिले वाक्य. पोहता न येणाऱ्यांनाही प्रशिक्षकासोबत प्राथमिक डाइव्ह करता येते आणि पाहुण्यांचा पहिला प्रश्न हाच असतो. ‘यू मस्ट ब्रीद ऑल द टाइम’ हे दुसरे, आणि ‘यू मस्ट नॉट होल्ड युवर ब्रेथ’ हे तिसरे. सुमारे १० मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो आणि वर येताना फुप्फुसातली कोंडलेली हवा फुगत जाऊन इजा करू शकते, म्हणून तिसऱ्या वाक्यात तडजोड नाही. पहिले आणि तिसरे वाक्य यांची रचना चुकून उलटसुलट झाली तर काय होईल, हे मुलांनी स्वतःच बोलून दाखवले. मला वेगळे सांगावे लागले नाही.

‘शुड’ संचात घ्यायचे की नाही, हा प्रश्न येथे सुटला. सल्ला आणि सक्ती यांतले अंतर नवशिक्यांच्या बोलण्यात टिकत नाही आणि ‘यू शुड मस्ट’ अशी मिसळ तयार होते, म्हणून ते पूर्णपणे वगळावे, असा माझा विचार होता. परंतु एका डाइव्हनंतर किमान १२ तास विमानप्रवास टाळावा, अशी डायव्हिंगच्या सुरक्षेसाठी काम करणाऱ्या ‘डायव्हर्स अलर्ट नेटवर्क’ या संस्थेची शिफारस आहे, आणि चिपी किंवा गोव्याच्या विमानतळाकडे निघालेल्या पाहुण्याला रोखण्याचा अधिकार बोटीवरच्या मुलाला नसतो, त्याला फक्त सांगता येते. तेथे ‘मस्ट नॉट’ हे त्याच्या हातात नसलेल्या गोष्टीवर हक्क दाखवते आणि ‘डोन्ट हॅव टू’ तर निरर्थक होते. त्यामुळे ‘यू शुड नॉट फ्लाय टुडे’ एवढ्या एका वाक्यापुरते ‘शुड’ संचात आले आहे. इतर पाठांत ते नाही.

११ ऑगस्ट

नारळी पौर्णिमा झाली आणि वर्गाचे लक्ष समुद्राकडे लागले. आता नवीन काही न घेता संच आवरता घ्यायचा आहे, म्हणून काय वगळले आणि का, याची नोंद करते.

सर्वांत कमी साहित्यात किती काम होते, याचा विचार करताना सी. के. ऑग्डेन यांनी १९३० साली मांडलेल्या ‘बेसिक इंग्लिश’ची ८५० शब्दांची यादी पुन्हा पाहिली. त्यात क्रियापदे म्हणून अवघे अठरा शब्द असून त्यांत ‘मे’ आणि ‘विल’ आहेत, पण ‘कॅन’ आणि ‘मस्ट’ दोन्ही नाहीत. त्यांचे काम ‘एबल’ व ‘नेसेसरी’ या विशेषणांवर आणि ‘हॅव’वर सोपवलेले आहे. शब्दसंख्या वाचवण्याचा हा हिशेब कागदावर देखणा दिसतो, परंतु ‘कॅन यू स्विम?’ या तीन शब्दांऐवजी ‘आर यू एबल टू…’ ने सुरू होणारा प्रश्न जेट्टीवर विचारायला लावणे म्हणजे नवशिक्याचे ओझे वाढवणेच आहे. याउलट ‘कौन्सिल ऑफ युरोप’ने २००१ साली प्रसिद्ध केलेल्या भाषापातळ्यांच्या चौकटीत शिकणाऱ्याची प्रगती ‘हे करता येते, ते करता येते’ अशाच वाक्यांत मोजली जाते. आमच्या संचाच्या पहिल्या पानावरही तसेच लिहिले आहे: पाहुण्याला पोहता येते का, हे विचारता येते, मनाई आणि मोकळीक वेगवेगळी सांगता येते. गुणांचा रकाना ठेवलेला नाही.

‘कुड’चा भूतकाळी वापर वगळला आहे. ‘काल मी किल्ल्यापर्यंत पोहू शकलो’ यासाठी होकारार्थी वाक्यात ‘कुड’ चालत नाही, ‘वॉज एबल टू’ लागते आणि नकारात मात्र ‘कुडन्ट’ बिनदिक्कत चालते. एवढी गुंतागुंत शिकवण्यापेक्षा ‘आय स्वॅम टू द फोर्ट’ हे सरळ वाक्य बरे. अंदाज सांगणारा ‘मस्ट’ बोलण्यासाठी शिकवलेला नाही, पण ऐकून कळावा म्हणून दाखवला, कारण ‘यू मस्ट बी टायर्ड’ असे एका पाहुणीने गेल्या हंगामात म्हटल्यावर, आपल्याला थकण्याची सक्ती का केली जाते आहे, असा प्रश्न आमच्या एका काकींना पडला होता.

२० ऑगस्ट

गणपतीची साफसफाई, माटवीचे (गणपतीच्या वर टांगायच्या सजावटीच्या चौकटीचे) सामान आणि मुंबईहून येणारे चाकरमानी यांमुळे पुढच्या आठवड्यापासून वर्गात कोणी येणार नाही, म्हणून आज शेवटची तालीम घेतली. प्रत्येकाला प्रसंग मराठीत तोंडी सांगायचा आणि त्याने ‘चालेल’ची कसोटी लावून इंग्रजी वाक्य बोलायचे, असे स्वरूप होते. मनाई आणि मोकळीक यांची गल्लत जवळपास नाहीशी झाली आहे. ‘टू’ विसरणे, ‘हॅव’ आणि ‘हॅज’ यांची अदलाबदल, ‘टेक ऑफ’ऐवजी ‘रिमूव्ह’ हे सारे चालू आहे आणि मी ते दुरुस्त करत बसले नाही, कारण ‘शी हॅव टू वेअर जॅकेट’ हे वाक्य ऐकून कोणतीही पाहुणी जाकीट घालणारच.

वाक्यांची कार्डे देवनागरीत आणि रोमन लिपीत अशी दोन्ही छापायची, असे ठरले. वयस्कांना देवनागरी हवी आणि मुलांना रोमन; भांडण मिटवायला दोन बाजू पुरेशा आहेत.

१२ ऑक्टोबर

होड्या सुरू झाल्यावर आज दोन फेऱ्यांत बसून ऐकले. पहिल्या होडीवर तांडेलाने बंगळूरहून आलेल्या कुटुंबाला ‘यू मस्ट नॉट टेक ऑफ द जॅकेट’ असे दोन्ही पदे सुटी उच्चारून सांगितले आणि ‘यू डोन्ट हॅव टू होल्ड द बॅग, कीप हिअर’ असे म्हणत त्यांची पिशवी फळीखाली सरकवली. दुसऱ्या होडीवरच्या मुलाने घाईत नुसते ‘जॅकेट, जॅकेट’ असे ओरडून काम भागवले. पाहुण्यांनी जाकिटे घातली, त्यामुळे तक्रार करायला जागा नाही.

निघताना पाहुण्यांपैकी एकाने ‘डू वी हॅव टू कम बॅक विथ यू?’ असे विचारले आणि तांडेल क्षणभर अडखळला. यजमानाने सांगायच्या वाक्यांवर आम्ही सारा भर दिला. पाहुणा ‘हॅव टू’ वापरून प्रश्न विचारतो तेव्हा ‘यस, यू डू’ किंवा ‘नो, यू डोन्ट’ असे तोकडे उत्तर द्यावे लागते, त्याचा सराव संचात अजून नाही. परतीची होडी तीच असावी लागते की कोणतीही चालते, आत शिरायला तिकीट काढावे लागते का, पादत्राणे कोठे काढावी लागतात, असे पाहुण्यांचे नेहमीचे प्रश्न तांडेलाकडून परतीच्या वाटेवर लिहून घेतले आहेत. दिवाळीची गर्दी सुरू होण्याआधी त्यांचे एक जादा कार्ड छापून जेट्टीवर द्यायचे आहे.